डिपर एकदा, हात एकदा : फियाटनं कोल्हापुरात तीन दिवस

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. कारखान्यांची धुराडी पेटलेली, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, पहाटे स्वेटर लागेल एवढा गारठा. अशा दिवसांत दोन जुन्या पद्मिनी गाड्या कोल्हापुरातून तीन दिवस तीन दिशांना नेल्या: पन्हाळा, गगनबावडा आणि खिद्रापूर. एक क्रीम रंगाची, स्टिअरिंगवर गिअरचा दांडा असलेली. दुसरी पांढरी, शेवटच्या काळातली, गिअर खाली फ्लोअरला. आरसी बुकात दोन्हींवर प्रीमियर पद्मिनी लिहिलंय, पण रस्त्यात कुणी पद्मिनी म्हणत नाही. फियाट म्हणजे फियाट. १९५० च्या दशकातल्या गोल नाकाच्या मॉडेलला तर लोक सरळ डुक्कर फियाट म्हणतात, आणि मालकाला त्याचा राग येत नाही, उलट छाती फुगते.

ठरवलं होतं एवढंच, की वाटेत जी जुनी गाडी दिसेल तिला ओळखायचं, नमस्कार घालायचा, आणि ती बॉनेट उघडून उभी असेल तर थांबायचं. यातलं थांबणं सगळ्यात सोपं. ओळखायला मिळतात पाच सेकंद, आणि नमस्काराला वापरतो तो डिपर (हेडलाइटची एक झपक) घाटात भलताच निरोप देतो.

डिकीत काय होतं ते आधी सांगून टाकतो, कारण दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं दुसऱ्याच्याच गाडीवर खर्च झालं. डेल्कोत (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डबीत) बसणारा पॉइंटचा एक सेट, एक कंडेन्सर, फॅन बेल्ट, चार प्लग, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), १० ते १९ नंबरचे पाने, इथेनॉल सोसणारा रबरी पाइप एक मीटर आणि चार क्लिपा, पारदर्शक पेट्रोल फिल्टर दोन, सीलबंद ब्रेक ऑइलचा डबा, पाच लिटर पाणी, दोन जुनी सुती फडकी, स्टेपनी, जॅक आणि चाकामागं लावायला लाकडाचे दोन ठोकळे. ठोकळे विसरू नयेत. घाटात दगड शोधत बसावं लागतं, आणि ते दगड मग रस्त्यातच राहतात.

दिवस पहिला : पन्हाळा

सकाळी पावणेसातला कावळा नाका. गार इंजिन असं सुरू करायचं: चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा, मग स्टार्टर. एका दमात पाच-सहा सेकंदांवर स्टार्टर मारायचा नाही, मध्ये थोडी उसंत द्यायची. इंजिन लागलं की चोक अर्ध्यावर, आणि दोन-तीन मिनिटांत पूर्ण आत. चोक बाहेर विसरून शिवाजी पुलापर्यंत गेलात तर सायलेन्सरमधून काळा धूर, प्लग काजळलेले आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरलेलं.

शिवाजी पूल ओलांडला की रत्नागिरी रस्ता. पुढं आंबेवाडी, केर्ली, रेडेडोहाचा सखल पट्टा. पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा देते, ४३ ला धोका, आणि त्यानंतर हा रस्ता कधी बंद होईल ते सांगता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहरातल्या आणि आसपासच्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. म्हणून या भागात जुनी गाडी बघायला गेलात, की रंग आणि क्रोम मागं ठेवा. आधी मॅट उचला. पायाखालच्या पत्र्याच्या जोडांत पिवळट बारीक गाळ बसलेला असतो, तो कितीही धुतला तरी कोपऱ्यात राहतोच. मग हेडलाइटची वाटी काढून आत बोट फिरवा, आणि सीटच्या खालच्या स्प्रिंगांवर गंज एका ठरावीक उंचीपर्यंतच आहे का ते बघा. आडवी रेघ दिसली तर ती पाण्याची पातळी.

आणि स्वतःची गाडी बुडलीच, तर पाणी उतरल्यावर किल्ली फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, चारी प्लग काढा, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, मग इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदला. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर एकदा बदलून भागत नाही, थोडं चालवून पुन्हा बदलायचं.

केर्लीच्या पुढं रस्ता मोकळा झाला आणि पहिली ओळख पटली. समोरून ॲम्बेसेडर. दोन्ही गाड्या ताशी ५० नं येत असतील तर त्या एकमेकींजवळ ताशी १०० नं येतात, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. दीडशे मीटरवर गाडी ओळखली तर हातात सव्वापाच सेकंद. त्यात पहिला दीड सेकंद ओळखण्यात जातो. मग एकदाच डिपर, आणि गाडी पन्नास-साठ मीटरवर आली की स्टिअरिंगवरून हात न सोडता चार बोटं वर. गाडी शेजारून जाताना केलेला नमस्कार समोरच्याला दिसतच नाही, त्याचे डोळे तोवर पुढं गेलेले असतात. हॉर्न शेवटचा पर्याय. शेजारून जाणारा मोटारसायकलवाला दचकतो.

दीडशे मीटरवरून नंबर वाचता येत नाही, रंगही फसवतो. दिसते ती ठेवण. ॲम्बेसेडरचे खांदे बाहेर आलेले असतात, टप घुमटासारखा. पद्मिनी अंगानं अरुंद आणि ताठ. दिवे अगदी कडेला, मधली जाळी सपाट. कॉन्टेसा रुंद, बुटकी, चार गोल दिवे दोन-दोनच्या जोडीनं. सगळ्यात फसवते ती मारुती ८००: १९८३ च्या मूळ चौकोनी मॉडेलकडं नव्या डोळ्यांना नुसती एक जुनी मारुती दिसते, आणि नमस्कार राहून जातो. खरं तर आज ती पद्मिनीहून दुर्मीळ.

जवळ आल्यावर नंबर वाचा. एमएच-०९ म्हणजे आपला, १० सांगली, ११ सातारा, ०७ सिंधुदुर्ग, केए-२२ बेळगाव. एमपासून सुरू होणारी नुसती तीन अक्षरं आणि पुढं आकडे असतील तर गाडीची नोंदणी १ जुलै १९८९ च्या आधीची. त्या दिवशी नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच आलं. अशा नंबराची गाडी दिसली की डिपर आपसूकच पडतो. आता जुन्या नंबरांवरही हाय सिक्युरिटी पाटी बसवावी लागते, त्यामुळं पेंटरनं हातानं काढलेले वळणदार आकडे हळूहळू जाणार, याचं वाईट वाटतं.

वाघबीळला पन्हाळ्याचा रस्ता फुटतो. तिथल्या चहाच्या गाडीवर महिंद्राची जुनी जीप उभी होती, प्यूजो डिझेल इंजिनाची. मालकानं क्रीम गाडीभोवती एक चक्कर मारली.

"फियाट न्हवं? ॲव्हरेज किती देती?"

"बारा. हायवेला चौदा."

"मग पंपच काढा की दारात, पाव्हणं!"

कोल्हापुरात जुन्या गाडीला पहिला प्रश्न ॲव्हरेजचाच येतो. दुसरा असतो, 'इकणार काय?' दोन्हींना हसून उत्तर द्यायचं. पण आपण स्वतः दुसऱ्याच्या गाडीजवळ जाऊ तेव्हा हे दोन्ही प्रश्न गिळावेत आणि विचारावं: पार्ट कुठनं आणता? या एका प्रश्नावर माणूस अर्धा तास बोलतो, आणि त्यातली निम्मी माहिती उद्या उपयोगी पडते. जीपवाल्याकडून स्टिअरिंगची जुनी बुशं भरून देणाऱ्या लेथवाल्याचा पत्ता मिळाला, तो असाच.

चढणीला दोन गाड्यांतला फरक कळला. जुन्या पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत दाते जुळवून देणारी सोय) नाही. चालत्या गाडीत, वळणावर, दुसऱ्यातून पहिला टाकायला गेलात तर दातांचा खर्रर आवाज सगळ्या पन्हाळ्याला ऐकू जातो. त्यामुळं वळण येण्याआधीच दुसरा घ्यायचा आणि त्याच्यावरच वळण काढायचं. इंजिन दमायला लागलं तर थांबून पहिला. डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबणं) जमत असेल तर प्रश्नच नाही.

उतरताना मात्र दोन्ही गाड्या सारख्याच, कारण चारी चाकांना ड्रम ब्रेक. ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ड्रम तापून फुगतो, लायनर पोचत नाही, तापलेल्या लायनरची पकड जाते आणि पॅडल घट्ट लागूनही गाडी थांबत नाही. पॅडल स्पंजासारखं खाली जात असेल तर दुखणं वेगळं: ब्रेक ऑइलनं ओल धरलीय आणि ते उकळतंय. ऑइल दर दोन वर्षांनी बदललं तर ही वेळ येत नाही. वास आला की थांबा, पंधरा-वीस मिनिटं नुसती हवा लागू द्या. तापल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. हँडब्रेकही ओढू नका, ठोकळे त्यासाठीच घेतलेत.

संध्याकाळी रंकाळा. इथं जुन्या गाड्या चालताना कमी आणि उभ्या जास्त दिसतात. उभ्या गाडीला नमस्कार म्हणजे मालकाला नमस्कार. बॉनेटवर हात टेकायचा नाही, अंगठीचा ओरखडा पॉलिशनं जात नाही. फोटो विचारून काढायचा, नंबर झाकून टाकायचा. गाडीला मान देणं या गावाला नवं नाही म्हणा: शाही दसऱ्याला छत्रपतींची संस्थानकालीन मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा माणसं सोनं लुटण्याइतक्याच उत्सुकतेनं तिच्याकडं बघत असतात.

दिवस दुसरा : गगनबावडा

फुलेवाडी, बालिंगा, कळे, असळज, गगनबावडा. सुमारे ५५ किलोमीटर. सपाटीवर दीड तासाचं काम, पण हंगामात ते धरून चालू नये. बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, रस्त्यावर सांडलेलं वाडं (उसाचे हिरवे शेंडे). दवानं ओला झालेला पाला टायरखाली साबणासारखा सरकतो; पद्मिनीचा अरुंद टायर त्यावर ब्रेक मारला की सरळच जातो, स्टिअरिंग कुठंही असू दे.

आता मुद्द्याचं. ट्रॉलीच्या मागं दुसऱ्या गिअरवर, ताशी १५ नं, पाच-सात किलोमीटर. रेडिएटरवर वारा लागत नाही. इंजिन तापतं, बॉनेटखालची हवा तापते, आणि इंजिनाच्या अंगाला बसवलेला पेट्रोलचा यांत्रिक पंप तापतो. पेट्रोल पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पेट्रोलमध्ये मिसळलं की त्याच्याबरोबर हलके घटक आणखी लवकर उडायला लागतात, नळीत बुडबुडे धरतात, आणि द्रव पेट्रोल ढकलायला बनवलेला पंप नुसती वाफ घोळवत बसतो. गाडी हिसके देते आणि बंद. याला व्हेपर लॉक म्हणतात. यातली गंमत अशी की इथेनॉल उसाचं, आणि गाडी अडवणारी ट्रॉलीही उसाचीच. ऊस पुढूनही मारतो आणि टाकीतूनही.

इथेनॉलचा दुसरा त्रास सावकाश होतो. जुना रबरी पाइप आतून मऊ पडतो, पंपाचा पडदा ताठरतो, टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकटा सुटून जेटमध्ये (कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात) अडकतो. ते हवेतली ओलही ओढतं, म्हणून गाडी महिना-महिना उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवण्यात अर्थ नाही. एक तर भरलेली, नाही तर रिकामी. पाइप व्हायटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) घालावेत, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावावा. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाल्यामुळं इंजिन गरम चालत असेल, प्लगचं टोक पांढरं पडत असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा. सगळ्यांनीच बदलावा असं मात्र नाही. आधी प्लग काढून रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर हात लावू नका.

गगनबावड्यातून दोन घाट खाली उतरतात, करूळ वैभववाडीकडं आणि भुईबावडा खारेपाटणच्या अंगाला. गाड्या करूळनं थोडं खाली नेऊन परत आणल्या. आणि इथंच डिपरचा अर्थ उलटतो. सपाटीवर डिपर म्हणजे रामराम. घाटात डिपर म्हणजे 'मी आलो, तू थांब'. समोरच्या ट्रकनं डिपर दिला आणि तुम्ही नमस्कार समजून हात वर करत पुढं गेलात, तर अरुंद वळणावर नाकाला नाक. उलटही होतं: तुम्ही प्रेमानं जुन्या जीपला डिपर मारता, तो बिचारा कठड्याला गाडी चिकटवून उभा राहतो. त्यामुळं घाटात दिवा नाही, फक्त हात. तोही उतरणाऱ्यानं करावा, चढणाऱ्याचे दोन्ही हात कामात असतात. चढणाऱ्याला वाट द्यायची हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं. दोन्ही गाड्या ताशी २५ नं असल्या आणि वळणावर चाळीस मीटर दिसत असलं तर तीन सेकंदही मिळत नाहीत, तेव्हा नमस्कार चुकला तरी चालेल.

दुपारी एकच्या सुमाराला एका वळणाआधी रस्त्यात हिरवी फांदी पडलेली दिसली, तिच्यापुढं आणखी एक. पुढं गाडी बंद आहे याची ही आपली खूण. वळणापलीकडं निळी पद्मिनी, एमएच-०७, बॉनेट उघडं. कोकणातून चढून वर येत होती. शेजारी पन्नाशीचे गृहस्थ, हातात पाना, आणि चेहऱ्यावर पाना कुठं लावायचा हे न कळल्याचा भाव.

"स्टार्टर मारून मारून बॅटरी बसत आली हो. कंडेन्सर गेला बहुतेक."

कंडेन्सर गेला नव्हता. कंडेन्सर आणि व्हेपर लॉक, दोन्ही दुखणी तापल्यावरच येतात म्हणून गोंधळ होतो, पण ओळखायला दोन मिनिटं पुरतात. आधी ठिणगी. एका प्लगची वायर काढायची, टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचं (कोरड्या फडक्यानं, नाही तर हात झिणझिणतो, पेट्रोल गळत नाही ना ते बघून) आणि स्टार्टर एकदा मारायला सांगायचा. निळी, टणटणीत ठिणगी आली तर डेल्को आणि कंडेन्सर ठीक. पिवळी, मरतुकडी आली तर झाकण काढून पॉइंट बघायचे. कंडेन्सर गेला असेल तर ते काळे-निळे जळलेले असतात. नवे बसवताना फट ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची. इथं ठिणगी निळी होती. मग पेट्रोल: फिल्टर पारदर्शक असता तर बुडबुडे दिसलेच असते, पण तो जुना धातूचा होता. कार्ब्युरेटरकडं जाणारा पाइप सैल केला, स्टार्टर मारला, तर फुस्स करून वाफ आणि दोन थेंब.

उपाय म्हणजे सुती फडकं पाण्यात भिजवून पंपाला आणि त्याच्या नळीला गुंडाळायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. पाणी पंपावर, तापलेल्या सिलिंडर हेडवर नाही, ते ॲल्युमिनियमचं आहे. रेडिएटरचं झाकणही इतक्यात उघडायचं नाही. काही पंपांना हातानं हलवायचा बारीक दांडा असतो, तो असेल तर पाच-दहा वेळा हलवून पेट्रोल वर येतंय का बघावं. तोवर पंपाच्या आधीचा चिघळलेला रबरी पाइप कापून डिकीतला नवा घातला, पारदर्शक फिल्टर बसवला, आणि नळी एक्झॉस्टपासून दोन बोटं दूर बांधली. खरं कारण हेच होतं. कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत नळी मॅनिफोल्डला जवळजवळ टेकवून ठेवली होती.

तोवर बॅटरी पुरती बसलेली, म्हणून उतारावर उलट तोंड करून ढकलस्टार्ट. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी वेग घेऊ द्यायची, मग क्लच झटकन सोडायचा. पहिल्या गिअरवर करू नये, चाकं लॉक होतात. दुसऱ्या प्रयत्नात गाडी लागली. फांद्या आणि कुणाचे तरी आधीचे दगड उचलून कडेला टाकले. फांदी टाकणारे खूप, उचलणारे थोडे.

गृहस्थ पैसे विचारू लागले. पाइपचे पैसे घेतले, बाकी नाही. वस्तूचे घ्यावेत, नाही तर समोरचा माणूस पुढच्या वेळी मागायला लाजतो.

परत निघायला पाच वाजायच्या आत हवं होतं, निघता निघता साडेपाच झाले. अंधारात उसाच्या ट्रॉलीला मागं दिवा नसतो. असला तरी तो मोळ्यांखाली गाडलेला. ताशी ४० च्या वर जायचं नाही आणि समोरचा झोत डोळ्यांवर आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेला. असळजच्या अलीकडं क्रीम गाडीचा डिपर मंदावला. ओढला की दिवे पिवळे पडायचे आणि स्विच बोटाला गरम लागायचा. दोन दिवसांच्या रामरामाची किंमत.

दिवस तिसरा : खिद्रापूर आणि उद्यमनगर

शिरोली फाटा, हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर. सपाट रस्ता, सांगण्यासारखं कमी. महामार्गाच्या टप्प्यावर नमस्काराच्या भानगडीत पडू नये. मध्ये दुभाजक, पलीकडच्या गाडीचा वेग ऐंशी-शंभर, आणि मागचा ट्रक तुमच्या डिपरशी काही देणंघेणं नसलेला. ओळखीची गाडी आपल्याच दिशेनं पुढं जाताना दिसली तर पाठलाग करू नये. टोलवर किंवा चहाला भेट होतेच.

वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं दर्शन, येताना बासुंदी. गुरुवारी, शनिवारी, पौर्णिमेला पार्किंगला जागा नसते आणि गर्दीत जुनी गाडी उभी करणं म्हणजे दाराला खरवड आलीच. गाडी भिंतीच्या बाजूला लावून आरसे आत दुमडावेत. पद्मिनीचा आरसा दुमडत नाही म्हणा. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळासमोर मोकळी जागा आहे. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं काम, ४८ खांबांचा स्वर्गमंडप आणि त्याच्या मधोमध आकाशाला उघडं वर्तुळ. तिथं मिरजेची एक काळी ॲम्बेसेडर आणि निपाणीची एक जिप्सी भेटली. जिप्सीवाल्याला ॲव्हरेज कुणीच विचारत नाही, त्याचं दुःख बहुतेक सगळ्यांना ठाऊक असतं.

दुपारी तीनला उद्यमनगर. जुनी गाडी ठेवणाऱ्यासाठी कोल्हापूरचं खरं वैभव इथं आहे. ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीवर वाढलेली वस्ती. गल्लीगल्लीत लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). डायल गेज लावून बोअर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजतात, आणि निमुळता किंवा अंडाकृती झाला असेल तर ओव्हरसाइज पिस्टन हातात आल्यावरच बोअरिंग करतात. आधी बोअर करून मग पिस्टन शोधायला निघालेले लोक अजून शोधतायत. हेड तापून वाकलं असेल तर सरळ पट्टी ठेवून खाली ०.०५ मिलिमीटरची फिलर पट्टी जाते का बघायचं. गेली तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेनं, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. जो पार्ट बाजारात नाही त्याचा नमुना दाखवला तर बहुतेक वेळा तो करून मिळतो. जुना तुटका पार्ट म्हणून टाकायचा नाही, तोच नमुना.

आजचं काम मात्र वायरिंगचं. जुन्या पद्मिनीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो. मूळ बल्बांना ते झेपायचं. नंतर लोकांनी ६०/५५ वॉटचे हॅलोजन घातले. अप्परला (लांबच्या झोताला) दोन दिवे म्हणजे १२० वॉट, १२ व्होल्टवर १० अँपिअर. दर वेळी डिपर मारला की स्विचच्या आत बारीक ठिणगी, पितळेची टिकली काळी, रोध वाढला, उष्णता वाढली, टिकली आणखी काळी.

इलेक्ट्रिशियननं स्विच उघडून टिकल्या बारीक पॉलिश पेपरनं घासल्या, पण ते आजच्यापुरतं. कायमचा उपाय दोन रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), एक अप्परला आणि एक डिपरला, म्हणजे इथं खालच्या झोताला. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, वाटेत २० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून एका वितीच्या आत. ती रिलेच्या ३० नंबर पिनला. ८७ वरून सरळ दिव्याला. स्विचकडून दिव्याला जाणारी जुनी वायर कापून ८६ ला, आणि ८५ अर्थला. आता स्विचमधून जातो तो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, अर्ध्या अँपिअरहूनही कमी. अर्थसाठी रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रू मारला तर दिवा पिवळाच राहतो. रंग खरवडून चकाकता पत्रा काढायचा, वायरच्या टोकाची गोल डोळ्याची लग घट्ट आवळायची, वरून ग्रीसचा हात. एकच दिवा मंद असेल तर नव्वद टक्के वेळा अर्थच, बल्ब बदलत बसू नये.

काम संपेपर्यंत दिवस कलला. "मारा बघू," इलेक्ट्रिशियन म्हणाला. डिपर ओढला. समोरच्या बंद शटरवर दोन पांढरेशुभ्र गोल उमटले, स्विच गार. तेवढ्यात गल्लीतून लोखंडी पाइप घेऊन जाणाऱ्या रिक्षावाल्यानं तो उजेड आपल्यालाच समजून हात वर केला आणि न थांबता निघून गेला.

"वळखीचा हाय काय तुमच्या?"

"न्हाई."

"मग आणि एकदा मारा. डाव्याची खाली जरा जास्त पडतीय."